कायमचं पाव्हणं

नुवानचा नवनाथ झाला तो लग्नपत्रिकेत, आणि त्यात छापणाऱ्याची काही चूक नव्हती. ज्ञानेश्वरीचे वडील, शहाजी आबा, स्वतः प्रेसमध्ये जाऊन ते नाव घालून आले होते. 'नुवान' भावकीच्या तोंडात बसायचं नाही, नवनाथ कसं सरळ आहे, असा त्यांचा विचार. श्रीलंकेत गॉलला समुद्राकाठी वाढलेला, उरणच्या बंदरात कंटेनर तपासणाऱ्या कंपनीत नोकरीला आलेला मुलगा असा बसल्या जागी 'चि. नवनाथ' झाला. नुवानने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि ज्ञानेश्वरीला विचारलं, "हा नवनाथ कोण? तू माझ्याशी लग्न करतेस, ते याला माहीत आहे का?"

आठ वर्षांत ते नाव त्याच्या अंगवळणी पडलं. आबांनी उभी हयात एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या होत्या. तिथले जुने माथाडी अजूनही भेटले की विचारायचे, "काय शहाजी, नवनाथ पाव्हणं बरं हायत का?" आबा मान ताठ करून सांगायचे, "एकदम टकाटक."

हा 'पाव्हणं' शब्द मात्र नुवानच्या घशाखाली पुरता उतरला नव्हता. साताऱ्याकडे जावयाला, व्याह्याला, सोयऱ्याधायऱ्याला पाव्हणंच म्हणतात आणि त्यात केवढा तरी मान असतो, हे ज्ञानेश्वरीने त्याला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. त्यालाही ते पटलं होतं. पण पुढे तो मराठी वाचायला शिकला, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला 'पाहुणे आले, पाहुणे गेले' असं वाक्य सापडलं. तेव्हापासून कुणी पाव्हणं म्हटलं की तो हसायचा खरा, पण जरा उशिरा हसायचा.

ज्ञानेश्वरीच्या हे लक्षात आलं होतं. तिच्या लक्षात सगळं यायचं आणि आलं की तिचं डोकं तापायचं. ते पुरतं तापलं गेल्या हिवाळ्यात, उलव्याच्या त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये. टँकरच्या पाण्यावरून वाद चालला होता. नुवानने उभं राहून गच्चीवरच्या टाकीबद्दल दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, तर सेक्रेटरी गोड हसून म्हणाले, "तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुम्ही आमचे पाहुणे." वाईट हेतूने म्हणाले नव्हते. तेच ज्ञानेश्वरीला जास्त झोंबलं. लगोलग महापालिकेची निवडणूक झाली. कोपरखैरण्याला माहेरच्या सगळ्यांनी बोटाला शाई लावून फोटो काढले, आणि फोटो काढायला कोण, तर नुवान.

"बस झालं," त्या दिवशी ती म्हणाली. "तू इथला होतोस. कागदोपत्री. मग बघते कोण पाहुणा म्हणतं ते."

परदेशी नवऱ्याला मिळतं ते कार्ड त्याच्याकडे होतंच. त्यावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, पण मत देता येत नाही. भारताचं नागरिकत्व घ्यायचं तर श्रीलंकेचं सोडावं लागणार होतं, कारण आपल्याकडे दोन्ही एकत्र चालत नाहीत. ज्ञानेश्वरी बेलापूरच्या एका शिपिंग ऑफिसात कागदपत्रांचंच काम करायची. तिने हे काम असं अंगावर घेतलं की नुवान नुसता सह्यांपुरता उरला. एकदा रात्रीच्या जेवणानंतर भांडी विसळता विसळता तो म्हणाला होता, "कोलंबोला उतरलो ना, की काउंटरवरचा माणूस मला का आलात असं विचारत नाही. पासपोर्ट बघतो आणि घरी जा म्हणतो." ज्ञानेश्वरी म्हणाली, "व्हिसा काढायला किती वेळ लागतो रे? मोबाईलवर होतो." तो बरं म्हणाला आणि पातेलं विसळत राहिला.

गॉलला त्याची आई एकटीच होती. अम्माला तो दर रविवारी फोन करायचा. नागरिकत्व सोडण्याची गोष्ट कानावर घातली तेव्हा अम्माने काय म्हटलं, असं ज्ञानेश्वरीने विचारलं होतं. "काही नाही. माझी खोली तशीच ठेवू का, असं विचारत होती," नुवान म्हणाला. ज्ञानेश्वरीला वाटलं, म्हणजे तिचीही हरकत नाही.

यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, त्याचे पाय धुवायचे. आबांनी रविवारचं बोलावणं धाडलं. सोमवारी दोघांनी रजा टाकली होती, कारण उलवे पडलं रायगड जिल्ह्यात आणि कागद दाखल करायला अलिबागला कलेक्टर ऑफिसात जायचं होतं. फक्त शेवटच्या एका पानावर नुवानची सही राहिली होती. अर्ज मंजूर झाला की मी माझ्या देशाचं नागरिकत्व सोडीन, असं लिहून द्यायचं ते पान होतं. "करतो, करतो," म्हणत त्याने ते दोन आठवडे टेबलावर ठेवलं होतं, आणि आता ज्ञानेश्वरीने ते पर्समध्ये घालून आणलं होतं. आबांच्या समोर सही होऊ दे, त्यांनाही बरं वाटेल, असा तिचा बेत.

आबांचं घर कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या अलीकडे. आई गेल्यापासून तिथे आबा, थोरला भाऊ कुलदीप आणि वहिनी राजश्री राहायचे. दारात पाऊल ठेवलं तर पाट, परात, गरम पाण्याचा तांब्या अशी तयारी मांडलेली. नुवान दरवेळी इथे अवघडून जायचा. त्याच्या देशात धाकट्यांनी वडीलधाऱ्यांपुढे वाकायचं असतं. इथे सत्तरीचा म्हातारा, गुडघे कुरकुरत असताना, त्याच्या पायाशी बसायचा.

"आबा, प्लीज, राहू द्या," तो म्हणाला.

"गप बसा वो पाव्हणं," आबा म्हणाले. "वर्षानुवर्षं वाट बघायची आन् महिना आल्यावर नको म्हणायचं?" त्यांनी त्याचा पाय धरून परातीत ठेवला आणि भांडं घासावं तसा घासून काढला. माथाड्याच्या हाताला हळुवार काही जमत नाही. राजश्रीने ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, आणि पानं मांडली.

धोंडे छान झाले होते. कुलदीपने दुसरा धोंडा फोडून त्यावर तूप सोडलं आणि विषय काढला. "मग दाजी, उद्या अलिबाग ना? फुल फायनल?" एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो सुपरवायझर होता, आणि बोलायचाही तसाच, माल गाडीत चढवल्यासारखा. "एकदा कागद झाला की मॅटर खतम. एकदम आपला माणूस."

"सही राहिलीय फक्त," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ती आत्ता इथेच करायची. हो ना, अहो?" घरी ती त्याला नुवान आणि अरे म्हणायची, माहेरी मात्र अहो.

आबा घास खाली ठेवून म्हणाले, "माझ्या ध्यानात येत न्हाई ते एवढंच सांग, ज्ञानू. आपलं घेत्यात ते ठीक. पण तिकडचं सोडायचं म्हंजे काय करायचं? राजीनामा देत्यात तसं?"

"राजीनामा नोकरीचा असतो, आबा. हे म्हणजे..." ती शब्द शोधायला लागली. इंग्रजी शब्द तिला माहीत होता, पण आबांना तो सांगून काय उपयोग? मग तिच्या तोंडातून सरळ, सोपा, आबांना पटकन कळेल असा शब्द निघून गेला. "हक्कसोड, आबा. तिकडच्या हक्कांचं हक्कसोड पत्र."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. वाढायला उठलेली राजश्री डाव हातात धरून तशीच थांबली. कुलदीपने मान खाली घालून भात कालवायला घेतला.

"हक्कसोड म्हणजे काय?" नुवानने विचारलं. हा शब्द त्याच्या पुस्तकात नव्हता.

उत्तर ज्ञानेश्वरीलाच द्यावं लागलं. सगळ्यांनी विषय टाळायचा आणि आपण पर्समधलं पान पुढे करायचं, हे तिला आता जमणार नव्हतं. "मी सांगते," ती म्हणाली. "पाटणला आपल्या गावी आईच्या नावावर दोन खोल्यांचं घर आणि शेताचा तुकडा होता. आबांनी हमालीच्या पैशातून आईच्या नावावरच घेतला होता. आई गेल्यावर वारस म्हणून तिघांची नावं लागली, आबांचं, दादाचं आणि माझं. मग दादा म्हणाला, तुझा नवरा परदेशी, उद्या कागदाची कटकट नको, तू सही करून टाक. मी केली. त्या कागदाला हक्कसोड म्हणतात. माझा यात काही हक्क नाही, असं आपणच लिहून द्यायचं."

"तू मला सांगितलं होतंस," नुवान म्हणाला. "पाटणला गेलो होतो, मिसळ खाल्ली होती. तू म्हणालीस, भावाचं छोटं काम आहे."

"मला छोटंच वाटलं होतं." तिचा आवाज चढायला लागला होता आणि तिने तो चढू दिला. "जमीन मला नकोच होती रे. पण त्या दिवाळीला सगळे गावी जमलो. उन्हातून आलेले, सरळ माठाकडे निघाले. जन्मभर तिथेच जाऊन पाणी पिलेय. तर वहिनी धावत आल्या तांब्या-भांडं घेऊन. म्हणाल्या, बसा ताई, मी आणते पाणी. मला पाणी विचारलं! माझ्या आईच्या घरात! मी बसले खुर्चीवर आणि पाहुणीसारखं पाणी प्यायले."

राजश्रीचे डोळे भरले. "ताई, मी तसं नव्हतं हो मनात आणलं..."

"माहीत आहे वहिनी. तुम्ही प्रेमानेच आणलंत. म्हणून तर मी काही बोलले नाही."

हे तिने आजवर नुवानलाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही झालंय असं तिने स्वतःलाच कधी म्हणू दिलं नव्हतं. आणि तीच बाई गेले चार-पाच महिने नवऱ्याच्या मागे लागून, त्याला हाताला धरून, त्याच सहीपर्यंत घेऊन आली होती. तिला स्वतःचा असा संताप आला की तिने ताट पुढे सरकवलं.

नुवानने पानातला अर्धा धोंडा बाजूला सारला. मग म्हणाला, "अम्मा मला पाणी कधीच विचारत नाही. उलट ओरडते, हात धुऊन माठाला हात लाव म्हणून."

त्यावर आबा बोलले. जावयाशी ते नेहमी मऊ बोलायचे, पण आता मार्केटात गोणी उतरवताना द्यायचे तशी हाळी दिल्यासारखे बोलले. "पाव्हणं, सही करू नका."

"आबा!" कुलदीप म्हणाला. "इतके दिवस आपण काय बोलत होतो?"

"बोलत हुतो. मला ठावं नव्हतं तिकडचं सोडावं लागतं ते असं. तुमी हितं मत देऊ नका, काय बिघडत न्हाई. आमी दितो की, त्यानं कुठं काय उजेड पडलाय. पण सही करू नका. मानसानं आपल्या आईच्या दारात पाव्हणं म्हणून जाऊ न्हाई."

बरं बोलले होते आबा. मनापासून बोलले होते. आणि तेच ज्ञानेश्वरीला सहन झालं नाही.

"ते घर माझ्या आईचं होतं, आबा," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर त्यांनी तिला गप्प केलं असतं. पण ती ओरडली नव्हती. "मी सही केली तेव्हा तुम्ही शेजारच्या बाकावर बसला होता. पेन तुमच्या खिशातलं होतं. यांना थांबवायला तुम्हाला एक क्षण लागला नाही. मला का नाही म्हणालात, सही करू नको म्हणून?"

"अगं, पण तुला कुणी जबरदस्ती केली का?" कुलदीप म्हणाला. "तू हसत सही केलीस. मी काय कट केला तुझ्याविरुद्ध? सगळ्यांच्या बहिणी करतात."

"नाही केली जबरदस्ती. म्हणून तर मी दादा तुला काही म्हणत नाहीये. मी आबांना विचारतेय."

लेकीनं सोडायचंच असतं, हे उत्तर आबांच्या ओठांवर आलं असावं, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्ताच जे बोलून बसले होते, त्यापुढे ते टिकणारं नव्हतं.

नुवान उठला, हात धुऊन आला आणि ज्ञानेश्वरीच्या पर्सपाशी गेला. "ते पान दे," म्हणाला. तिने दिलं. त्याने ते एकदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या शर्टच्या खिशात ठेवलं. "मी सही करणार नाही. तुझ्यावर राग म्हणून नाही, आबा म्हणाले म्हणूनही नाही. दोन आठवडे मी ते टेबलावर ठेवलं ना, तेव्हाच मला माहीत होतं. फक्त तू एवढं केलं होतंस, म्हणून बोललो नाही." मग तो कुलदीपकडे वळला. "दाजी म्हणा, पाव्हणं म्हणा, चालेल. सोसायटीत मी टाकीबद्दल बोलणारच. पाहुण्याला पण पाणी लागतं."

कुलदीपला हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

चार-पाच महिन्यांची मेहनत एका वाक्यात बाराच्या भावात गेली होती. ज्ञानेश्वरीला वाईट वाटायला हवं होतं. तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटलेला माणूस गप्प बसत नाही, निदान ती तरी बसणारी नव्हती. "बरं झालं," ती म्हणाली. "उद्याची रजा दोघांची टाकलेलीच आहे. अलिबागच्या ऐवजी पाटणला जाऊ."

"पाटणला कशाला?" कुलदीपने विचारलं.

"माझं नाव परत लावायला काय करावं लागतं ते विचारायला. रजिस्टर ऑफिसात विचारेन, वकिलाला विचारेन, ज्याला विचारावं लागेल त्याला विचारेन. पीक तू घे, आंबे तू घे, खोल्यांना कुलूप तुझं असू दे. मला जमिनीचं ढेकूळ नको दादा. मला नाव पाहिजे."

"असं एकदा सोडलेलं परत लागत नसतं, ज्ञानू. कायदा आहे."

"मग कायद्याकडूनच ऐकते. तुझ्याकडून नको."

कुलदीपने उत्तरासाठी आबांकडे पाहिलं. आबा उष्ट्या हाताने पानावरच्या पुरणाची गोळी करत होते, मोडत होते. राजश्रीने कुणी न विचारता सगळ्यांच्या पानात भात वाढला आणि तो कुणीच खाल्ला नाही. शेवटी आबा म्हणाले, "उद्या नको."

ज्ञानेश्वरीने मान झटकली. "आबा, मी थांबणार नाही आता."

"थांब कोण म्हणतंय? सोमवारचं त्या हापिसात मुंगी शिरायला जागा नसती. परवा जाऊ."

"जाऊ? तुम्ही कशाला?"

"तुझं गेलं ते गेलं. पण माझा हिस्सा हाय न्हवं अजून त्यात? त्याला तुझं नाव लावायचं तर सही काय तू करणार हाईस?"

कुलदीपचा हात पानातच राहिला. "आबा, हे असं जेवताना नको. घरात बसून नीट बोलू ना."

"घरातच बसलोय की," आबा म्हणाले.

ज्ञानेश्वरीला रडू फुटलं. ती रडणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही. पदराने नाक पुसत ती म्हणाली, "परवाची रजा नाही मला, आबा."

"मग काढ," आबा म्हणाले, आणि त्यांनी भाताचा घास घेतला.